यल्लाप्पाचा फळा

गेल्या आठवड्यात आमच्या सम्मेदनं नवा फोन आणला. त्याला बटणं नाहीत. काचेवर बोट फिरवायचं आणि बघत बसायचं. किंमत विचारली तर सांगितली नाही, म्हणजे ती सांगण्यासारखी नसणार. एका हातात भाकरीचा तुकडा आणि दुसऱ्या हाताचं बोट काचेवर, असं जेवण चाललेलं बघून मी विचारलं, जुन्या फोनला काय धाड भरली होती? तर मान वर न करता म्हणाला, "आप्पा, आता ह्याच्याबिगर भागत न्हाय."

भागत नाही म्हणजे काय? पाण्याशिवाय भागत नाही, दोन वेळच्या जेवणाशिवाय भागत नाही, हे मला कळतं. माझी साठी उलटून गेली. एवढी वर्षं आमचं भागलं ते काय खोटं होतं? मी ताट सारून उठलो. त्रिशला, माझी बायको, म्हणाली की तुमचा राग जुना आहे, पोराच्या फोनवर कशाला काढताय. तिचं खरं आहे. हा राग चार वर्षांपूर्वीचा आहे, दोन हजार पाच सालच्या उन्हाळ्यातला, आणि तो उचगावच्या यल्लाप्पामुळं आहे. आज दोन हजार नऊ साल चालू आहे, अजून तो उतरत नाही. म्हणून एकदाचं लिहून काढतो.

मी अण्णासो मगदूम. आमचं गाव हातकणंगले तालुक्यात, पंचगंगेच्या काठी. गावच्या पाणीपुरवठा संस्थेचा मी वीस वर्षं सेक्रेटरी होतो. नदीचं पाणी मोटरीनं उचलून शेतांना द्यायचं, हे संस्थेचं काम. मोटर बंद पडली की गावाच्या शिव्या खायच्या, हे सेक्रेटरीचं काम. त्या शिव्यांतून मला ज्यानं वर्षानुवर्षं वाचवलं तो यल्लाप्पा कांबळे. मूळचा शिरोळकडचा. आयटीआयला वायरमनचा कोर्स करायला कोल्हापुरात आला आणि एक्क्याण्णव साली उचगावात रस्त्याकडेला पत्र्याचं दुकान टाकून राहिला. दुकान म्हणायचं एवढंच, तिथं तो कधी सापडायचा नाही. सायकलला हत्यारांची पिशवी अडकवून दहा-बारा गावांतल्या मोटरी, पंप आणि स्टार्टर दुरुस्त करत दिवसभर हिंडायचा. दुकानात त्याची बायको शालन शिलाईचं मशीन घेऊन बसलेली असायची, आणि दारावर ठोकलेला असायचा फळा.

फळा म्हणजे काळा रंग दिलेली एक लांबट फळी आणि शेजारी खिळ्याला टांगलेला खडूचा डबा. ज्याची मोटर बिघडली त्यानं यायचं, शेवटच्या नावाखाली आपलं नाव, गाव आणि तक्रार लिहायची आणि घरी जायचं. यल्लाप्पा रोज सकाळी फळा वरून खाली वाचायचा आणि त्याच क्रमानं सायकल काढायचा. ज्याचं काम झालं त्याचं नाव पुसलं जायचं. मधली जागा रिकामी दिसली म्हणून कुणी तिथं घुसायचं नाही. गावाच्या पिण्याच्या पाण्याची मोटर बंद पडली तर तेवढी सगळ्यांच्या आधी, त्याला कुणाची हरकत नसायची. बाकी पाटील असो नाहीतर कांबळे, जो आधी आला त्याचं आधी.

उचगावला जायला ज्याला जमत नाही त्याच्यासाठी सयाजी होता. सयाजी दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर. सकाळ-संध्याकाळ गावोगावच्या दूध संस्थांतून कॅन गोळा करून उचगाववरून कोल्हापूरला जायचा. दूध घालताना त्याला सांगितलं की तो उचगावात गाडी थांबवून फळ्यावर नाव लिहायचा आणि दुसऱ्या फेरीला येऊन सांगायचा की तुझा नंबर चौथा, परवा येतोय. हे सगळं दुधाच्या रांगेत, चारचौघांत व्हायचं. त्यामुळं कुणाची मोटर पडली ते गावाला कळायचं आणि शेजारचा आपणहून म्हणायचा, तोवर माझ्या पाटाचं पाणी घे. ह्यात कुणाची बॅटरी संपली नाही की कुणाचा बॅलन्स संपला नाही.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात एका बड्या बागायतदाराची जीप यल्लाप्पाच्या दारात आली. साहेब कसल्यातरी कारखान्याचे संचालक होते. ड्रायव्हर म्हणाला, साहेबांची मोटर जळालीय, गाडीत बस. यल्लाप्पानं खडूचा डबा पुढं केला. ड्रायव्हर जोरात बोलला, साहेब आतून आणखी जोरात बोलले. यल्लाप्पा सायकलवर बसून पहिल्या नंबरच्या माणसाकडं निघून गेला. शेवटी ड्रायव्हरनं खाली उतरून नाव लिहिलं. तिसऱ्या दिवशी यल्लाप्पा त्यांच्या मळ्यात गेला आणि मोटर अशी करून दिली की पाच वर्षं बघावी लागली नाही. पण त्या मळ्यातलं पुढचं काम त्याला कधी मिळालं नाही. मी त्याला म्हटलं होतं, बाबा, मोठ्या माणसांशी जरा जमवून घ्यावं. तो नुसता हसला. मीही त्याच्या फळ्यावर दोनदा सहावा-सातवा होतो, तेव्हा माझाही जीव वरखाली झाला होता, हे कबूल करतो. पण आपल्या पुढं कोण आहे ते दिसत असलं की थांबणं सोपं जातं.

मग दोन हजार तीन-चारपासून आमच्याकडं मोबाईलची साथ आली. येणारे फोन फुकट झाले आणि माणसं बिघडली. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, अभिषेक चालू असताना एकाच्या खिशात सिनेमाचं गाणं वाजलं, तो "हॅलो, हॅलो" करत देवासमोरून बाहेर पळाला. रक्षाविसर्जनाला आलेली माणसं राखेपुढं उभी राहून उसाच्या दराची चौकशी करायला लागली. ज्याला आयुष्यात कुणी महत्त्वाचं काम सांगितलं नव्हतं, तो छातीवरच्या खिशात फोन अडकवून हिंडायला लागला. आणि त्या मिस्ड कॉलची तर मला किळस यायची. बोलायचं आहे पण पैसे घालवायचे नाहीत, म्हणून दुसऱ्याच्या खिशात घंटी वाजवून पळून जायचं. आमच्या लहानपणी शेजाऱ्याची कडी वाजवून पळायचो तेव्हा मार खायचो.

हे सगळं मी तेव्हाही बोलत होतो. पण बोलून काय उपयोग, फोन माझ्याही खिशात होता. सम्मेदनं घेऊन दिलेला.

आमचे चेअरमन बाळासो सहकाराच्या कसल्याशा शिबिराला जाऊन आले आणि त्यांच्या अंगात आधुनिकपणा संचारला. दोन हजार पाचच्या जानेवारीत त्यांनी मीटिंगमध्ये ठराव मांडला: ज्या मिस्त्रीकडं मोबाईल नाही, त्याचं नाव संस्थेच्या यादीत राहणार नाही. नदीवरच्या पाच मोठ्या मोटरींचं काम यादीतल्या मिस्त्रीलाच मिळायचं आणि यल्लाप्पाची निम्मी कमाई त्या पाच मोटरींवर होती. हे मला माहीत होतं, बाळासोंना माहीत होतं, बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. चौदा वर्षांत फोन नाही म्हणून यल्लाप्पामुळं एक दिवस तरी पाणी थांबलं का, असं कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. ठराव माझ्याच अक्षरात लिहिला आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी मी उचगावला गेलो आणि त्याला समजावलं. तो म्हणाला की माझा हात दिवसभर मोटरीत असतो, फोन कुठल्या हातानं धरू. शिवाय एकाच्या मोटरीवर हात असताना दुसऱ्याशी बोलणं त्याला पटत नव्हतं, ज्याचं काम चालू आहे त्याचा तो अपमान, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, तू बोलू नकोस, लोक नुसता मिस्ड कॉल देतील, तू सवडीनं बघ. त्याची मुलगी संघप्रिया त्या वर्षी कोल्हापुरात नर्सिंगला होती. ती यादी त्याला सोडून चालणार नव्हती. शेवटी तो बरं म्हणाला. मला फार बरं वाटलं. एका गरीब माणसाचं काम वाचवलं, असं समजत मी घरी आलो.

सम्मेदनं आपला जुना फोन त्याला दिला. आमच्याच पुढच्या सोप्यात बसून त्याला शिकवलं. गिऱ्हाइकांची नावं आत घालून दिली. हे बटण दाबायचं, मिस्ड कॉलची यादी येते, वरून खाली बघत जायचं. दहाच नावं राहतात, म्हणून रोज सकाळी सहाला, निघायच्या आधी, यादी बघायची आणि पुसून टाकायची. यल्लाप्पानं सगळं लक्ष देऊन ऐकलं, दोनदा करून दाखवलं आणि मग त्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं होतं ते विचारलं.

"पयला कोण आला, ते कळंल न्हवं ह्यात?"

"सगळं कळतंय की," सम्मेद म्हणाला. तेव्हाही तो स्वतःच्या फोनात बघत होता.

फळा निघाला. लोकांना फोन करायची सवय लागावी म्हणून मीच यल्लाप्पाला तो उतरवायला सांगितला. सयाजीला कुणी निरोप सांगितला तर तो म्हणायला लागला, "फोन लाव की आता. मी किती दिवस लिवू?" त्यालाही सुटल्यासारखं झालं. ज्यांच्याकडं फोन नव्हता ते गावातल्या दुकानाबाहेरच्या कॉइन बॉक्सवरून मिस्ड कॉल द्यायचे. रुपया घालायचा, दोन घंट्या होऊ द्यायच्या, ठेवून द्यायचा. समोरच्यानं उचलला नाही की रुपया परत. कुठल्या गावचा कॉइन बॉक्स ते यल्लाप्पाला नावावरून कळायचं आणि दुकानदाराला विचारलं की माणूस कळायचा.

दोन-तीन महिने छान चाललंय असं आम्हाला वाटलं. बाळासो तर खूश होते. दुपारी फोन केला की दुसऱ्या दिवशी सकाळी यल्लाप्पा दारात. मलाही तोच अनुभव. मी मीटिंगमध्ये सांगितलं की बघा, माणूस सुधारला, आता माणसं ओळखायला लागला. काही लोकांची कुरकुर कानावर येत होती की यल्लाप्पा आताशा लवकर येत नाही. पण ती कुरकुर करणारी माणसं अशी की त्यांचं म्हणणं कुणी फार मनावर घेत नाही. मीही घेतलं नाही.

त्यांतली एक तानाबाई. आमच्याच गावची. नवरा गेल्यावर विहिरीकाठच्या पंधरा गुंठ्यांत मेथी-कोथिंबीर लावायची आणि पहाटेच्या गाडीनं कोल्हापूरच्या मंडईत स्वतः नेऊन विकायची. कुणापुढं हात न पसरता चाललेलं होतं. एप्रिलमध्ये, ऐन उन्हात, एका शनिवारी तिची मोटर बंद पडली. कोवळी कोथिंबीर, वीतभरसुद्धा मुळं खाली गेलेली नसतात, तिला दोन दिवस पाणी नाही मिळालं की संपलं. तानाबाईला यल्लाप्पाचा नियम पाठ होता: आधी येईल त्याचं आधी. म्हणून दुकान उघडायच्या वेळेला, सकाळी सातला, ती कॉइन बॉक्सपुढं जाऊन उभी राहिली आणि त्या दिवशीचा पहिला मिस्ड कॉल तिनं दिला.

रविवारी यल्लाप्पा आला नाही. तिनं सात वाजता पुन्हा पहिला कॉल दिला. आपलंच कुठंतरी चुकत असेल असं वाटून सोमवारी तिनं दुकानदाराला घरी जाऊन उठवलं आणि साडेसहालाच कॉल दिला. तोवर विहिरीतून घागरीनं पाणी शेंदून ती वाफ्यांना घालत होती. पंधरा गुंठ्यांना घागर कुठवर पुरणार? दोन वाफे तेवढे तिनं धरून ठेवले.

सोमवारी यल्लाप्पा आमच्या गावात आला. तानाबाईनं त्याची सायकल वळणावर बघितली आणि तिला हायसं वाटलं. तिनं चुलीवर चहा ठेवला, स्टार्टरच्या पेटीवरची धूळ पुसली आणि विहिरीवर बसून राहिली. अर्ध्या तासानं सायकल परत दिसली. ती उठून उभी राहिली. यल्लाप्पा रस्त्यानं सरळ उचगावच्या बाजूला गेला. तिनं हाक मारली नाही. हाक मारून बोलावण्याची त्या माणसाच्या बाबतीत कधी वेळच आली नव्हती, असं ती मला नंतर म्हणाली.

मंगळवारीही ती कॉइन बॉक्सवर गेली. बुधवारी मात्र ती पहाटे सयाजीच्या गाडीत, दुधाच्या कॅनजवळ बसून उचगावला गेली आणि यल्लाप्पाच्या दारात उभी राहिली. तो नुकताच सायकल काढत होता. पुढचं मला शालननं सांगितलं. तानाबाई भांडली नाही. चार दिवस पहिला फोन माझा होता, एवढं सांगितलं. यल्लाप्पा म्हणाला, मावशी, तुमच्या दुकानाचं नाव एकदाबी आलेलं न्हाय. त्यावर ती म्हणाली, "सोमवारी तू सेक्रेटरीच्या घराकडनं परत जाताना बघितलं मी. तू बी मोठ्यांचाच झालास की, यल्लाप्पा."

शालन म्हणाली, वीस वर्षांच्या संसारात एवढा पांढरा पडलेला त्याला कधी बघितला नव्हता. त्यानं तानाबाईला सायकलवर मागं बसवलं आणि तिच्या विहिरीवर आला. स्टार्टरमधली तांब्याची एक पट्टी जळाली होती. दहा मिनिटांचं काम. मोटर सुरू झाली, पाणी पाटात पडलं. पण दोन वाफे सोडले तर सगळं रान पिवळं पडून माना टाकून बसलं होतं. तानाबाईनं पैसे पुढं केले, ते त्यानं घेतले नाहीत, म्हणून ती आणखी चिडली. फुकटचं नको मला, म्हणाली. शेवटी त्यानं घेतले.

तिथून तो थेट आमच्याकडं आला. सोप्यात मी आणि सम्मेद बसलो होतो. त्यानं फोन आमच्यापुढं ठेवला आणि सम्मेदला शांतपणे सांगितलं की आधी घरच्या फोनवरनं ह्याला कॉल दे, मग तुझ्या मोबाईलवरनं दे. सम्मेदनं हसत हसत दिले. यल्लाप्पानं बटण दाबून यादी काढली आणि माझ्या हातात दिली. वर सम्मेदचं नाव होतं. खाली आमच्या घरच्या फोनचं. जो आधी केला तो खाली.

"तसंच असतंय," सम्मेद म्हणाला. "ताजा कॉल वर येतो. जुना खाली जातो. दहाच्या पुढं गेलं की खालचं आपोआप निघून जातंय. सगळ्याच फोनात असं असतं."

मला समजायला थोडा वेळ लागला, यल्लाप्पाला नाही लागला. एप्रिल महिना, दिवसाला बारा-पंधरा कॉल. सकाळी सातला ज्यानं पहिला नंबर लावला, तो संध्याकाळपर्यंत ढकलला जाऊन यादीतून बाहेर. दिवेलागणीच्या वेळेला आरामात आठवण झाली म्हणून ज्यानं घंटी वाजवली, तो दुसऱ्या दिवशी सगळ्यात वर. एकच माणूस सहा वेळा कॉल देईल तर सहा वेळा वर. आणि यल्लाप्पा जन्मभराच्या सवयीनं वरून खाली वाचत होता. त्याला वाटत होतं तो नियम पाळतोय. तीन महिने तो मन लावून, कसूर न करता, उलटा न्याय करत होता. तानाबाईनं जेवढी घाई करून आधी नंबर लावला तेवढी ती खाली गेली. मला हे कुणी विचारू नका की यंत्राचा ह्यात काय दोष. ज्यानं हे यंत्र बनवलं त्याला आधी आलेला माणूस वर ठेवावा असं एकदाही का वाटलं नाही, ह्याचं उत्तर मला आधी द्या. आणि हे नीट न सांगता पोराच्या हातानं ते त्याच्या गळ्यात बांधणारा मी, ह्या सेक्रेटरीला काय म्हणायचं, तेही सांगा.

सम्मेदनं सांगितलं की काका, खालून वर वाचत जा, सोपं आहे. यल्लाप्पानं मान हलवली. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "अण्णासो, माजी आई पाण्याला सगळ्यांच्या आधी जायाची आन् सगळ्यांच्या मागनं यायाची. आड गावाचा, पर तिनं हात लावायचा न्हाय. येतील त्या भरून जायाच्या. कुणी वतलं तर हिची घागर भरायची. तिचा नंबरच नव्हता. म्हणून मी फळा लावलता."

एवढ्या वर्षांत ही गोष्ट त्यानं मला सांगितली नव्हती आणि मीही कधी विचारली नव्हती. मला वाटायचं, हट्टी आहे. मोठ्या माणसांचा राग आहे त्याला. त्याच्या दारावरच्या त्या फळीचा मला कधीकधी त्रासही व्हायचा, आणि ती उतरवल्यावर आत कुठंतरी बरं वाटलं होतं, हेही खरं आहे.

त्यानं फोन सम्मेदच्या पुढ्यात सरकवला. मी म्हटलं, अरे, फोन ठेवून गेलास तर यादीतून नाव जाईल, पाच मोटरींचं काम जाईल. पोरीचं शिक्षण चालू आहे, विचार कर. तो म्हणाला, "जाऊ द्या की." पुढच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये ते गेलंही. बाळासो म्हणाले, ज्याला साधा फोन वापरता येत नाही त्याच्यावर गावाचं पाणी कसं सोपवायचं. मी तोंड उघडून तानाबाईची गोष्ट सांगणार होतो. उन्हाळ्यात रान कसं पिवळं पडलं ते सांगणार होतो. पण ते सांगायचं तर आणखी एक गोष्ट सांगावी लागली असती, म्हणून गप्प बसलो आणि वही ओढून नाव कमी केल्याचं लिहिलं. नव्या मिस्त्रीकडं दोन फोन होते. एक कायम बंद असायचा आणि दुसरा तो उचलायचा नाही.

ती आणखी एक गोष्ट अशी. त्या बुधवारी निघताना यल्लाप्पा दारात थांबला. त्याला काहीतरी आठवलं होतं. रविवारच्या यादीत सगळ्यात वर तुमचं नाव होतं, अण्णासो, असं तो म्हणाला. ते मलाही आठवत होतं. रविवारी संध्याकाळी सोप्यात लोळत पडल्या पडल्या मी त्याला मिस्ड कॉल दिला होता. सोमवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी माझ्याकडं आला, ह्याचं मला केवढं कौतुक वाटलं होतं. मी त्रिशलाला म्हटलंही होतं की बघ, फोनचा फायदा. चहा घेऊन तो गेला त्याच वेळेला तिकडं तानाबाई विहिरीवर उठून उभी राहिली होती.

माझी मोटर बिघडली नव्हती. आमच्या सोप्यातला पंखा दुपारी घरघरत होता आणि मला झोप लागत नव्हती.

यल्लाप्पानं मान वर करून पंख्याकडं बघितलं. तो आवाज न करता फिरत होता.

"बरा चाललाय न्हवं आता?" त्यानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. काम केल्यावर मिस्त्री विचारतो तसंच त्यानं विचारलं होतं.